एका ट्यूबचा त्याग

'बिन' या दोन अक्षरांचे आपल्याला फार आकर्षण आहे. बिनव्याजी कर्ज, बिनसाखरेचा चहा, बिनअंड्याचा केक, बिनविरोध निवड. वस्तूत काय आहे यापेक्षा काय नाही यावर तिचा भाव ठरवायची आपली जुनी रीत. पण जे काढून टाकले म्हणून सांगतात ते कुठे जात नाही, शेजारच्या खोलीत बसलेले असते. बिनव्याजी कर्जातले व्याज 'प्रोसेसिंग फी' या नावाने भेटते, बिनसाखरेच्या चहाबरोबर चार गोड बिस्किटे येतात आणि बिनविरोध निवडीतला विरोध आदल्या रात्री कुणाच्या तरी ओसरीवर मिटवलेला असतो. या मालिकेतला ताजा मानकरी म्हणजे ट्यूबलेस टायर. मोटारीचा नव्हे, तो केव्हाच घरचा झाला. मी म्हणतो तो डोंगरात चालवायच्या सायकलीचा, जिला तिचे भक्त 'एमटीबी' म्हणतात. पुण्याच्या टेकड्यांवर असे दोन भक्त भेटले की तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतो, "ट्यूबलेस केलीस का?" पूर्वी 'मुलाची मुंज झाली का?' हे ज्या सुरात विचारीत, अगदी त्याच सुरात. 'नाही' म्हणणाऱ्याकडे मग जी करुण नजर टाकली जाते, तीही त्याच काळातली असते.

माझे म्हणणे एवढेच, की ट्यूब काढल्याने कटकट जात नाही. शाळेत ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवतात: ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही, तिचे फक्त रूपांतर होते. कटकटीचेही तसेच आहे, फक्त तिचा धडा पुस्तकात घालायचा राहिला. सायकलीच्या चाकातून ट्यूब बाहेर काढली की आतली कटकट तीन गोष्टी बदलते: जागा, वेळ आणि धनी. रस्त्यावरची घरात येते, अवचित येणारी ठरवून येते आणि पंक्चरवाल्याची होती ती आपली होते. एवढ्यावरून मी ट्यूबलेसच्या विरुद्ध आहे, असा समज कुणी करून घेऊ नये. कटकटीची जागा बदलणे ही लहानसहान गोष्ट नाही. संसारातल्या निम्म्या सुधारणा याच जातीच्या आहेत. नळ आला म्हणून पाण्याची कटकट संपली नाही, ती विहिरीवरून नळाच्या वेळापत्रकात गेली. तरी कुणी विहिरीवर परत जात नाही. म्हणून ट्यूब काढल्याने त्रास वाचतो का, हा प्रश्न फोल आहे. त्रास कुठे, कधी आणि कुणाच्या पदरात जातो, आणि ती अदलाबदल आपल्याला परवडते का, हे विचारायला हवे.

आधी ट्यूबला न्याय देऊ, कारण मुळात ती खलनायिका नव्हती. रबरी चाकात हवा भरायची कल्पना रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ साली पेटंट करून ठेवली आणि जग ती विसरून गेले. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना नव्याने शोधली. पुढे टॉमसनचे जुने पेटंट उजेडात आले आणि डनलॉपचे पेटंट बाद ठरले, पण नाव राहिले ते डनलॉपचेच. इतके, की आपल्याकडे त्या नावाने गादीसुद्धा ओळखतात. त्या सुरुवातीच्या काळात टायर चाकाला चक्क चिकटवलेला असे. पंक्चर झाले की तो उचकटायचा, आतली दुरुस्ती करायची, परत चिकटवायचा आणि सरस वाळेपर्यंत रात्रभर थांबायचे. फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंना हा प्रकार असह्य झाला. १८९१ मध्ये त्यांनी सहज काढता-घालता येणारा टायर आणला आणि आत सुटी ट्यूब ठेवली. त्याच वर्षी पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँ याने त्याच टायरांवर जिंकली. म्हणजे सुटी ट्यूब ही त्या काळची कटकटमुक्ती होती. आज ट्यूबलेस करणारा चाकात द्रव ओततो, चाक आडवे ठेवतो आणि सगळे नीट बसावे म्हणून रात्रभर थांबतो. शंभराहून अधिक वर्षांची प्रगती करून आपण पुन्हा सकाळची वाट बघायला लागलो. कटकटीच्या अक्षय्यतेचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

मग ट्यूबने असा कोणता गुन्हा केला? डोंगरात तिच्यावरचा आरोप खरा आहे. टायरमध्ये हवा कमी असली आणि चाक दगडावर आदळले, की टायर पार रिमपर्यंत दबतो आणि मधल्या अडकित्त्यात ट्यूब सुपारीसारखी सापडते. तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. सायकलवाले याला सर्पदंश म्हणतात, आणि चिरा पाहिल्या की नाव पटते. हा दंश टाळायचा तर हवा जास्त भरावी लागते, तीस-पस्तीस पीएसआयपर्यंत. एवढा टणक टायर प्रत्येक दगडाशी वाद घालतो. उडतो, आपटतो, आणि स्वाराला पुढे नेण्यात जायची ताकद त्याला वर उचलण्यात जाते. ट्यूबच नसली तर अडकित्त्यात सापडायला काही उरत नाही. मग वीस-पंचवीस पीएसआयवरही निभते. मऊ टायर दगडाला नडत नाही, त्याच्या अंगावरून पसरून जातो, त्यामुळे पकड वाढते आणि खडबडीत वाटेवर चाक हलकेही चालते. यात जाहिरातीचा भाग नाही. ज्याने मुरमाच्या उतारावर वळण घेतले आहे त्याला हे हाडांनी कळते. म्हणून ट्यूबलेसचा खरा लाभ पंक्चर टळण्यापेक्षाही हवा कमी ठेवण्याच्या सवलतीत आहे. हे बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते. मराठीत याला ट्यूब उशिरा पेटणे म्हणतात, आणि इथे ती चाकातून काढल्यावर पेटते.

दुसरा लाभ सांगतात तो वजनाचा, आणि तिथे मात्र तराजू काढलेला बरा. २९ इंची चाकाची साधी ट्यूब साधारण २०० ग्रॅमची असते. ती काढल्यावर चाकात सीलंट नावाचा द्रव ओततात, तो १०० ग्रॅमच्या आसपास. शिवाय चिकटपट्टी आणि नवा व्हॉल्व्ह मिळून पंधरा-वीस ग्रॅम. बचत झाली एका चाकामागे ऐंशी ग्रॅमची, दोन्ही चाकांची मिळून एका वडापावाची. यावर जाणकार म्हणतात, "फिरत्या वजनाचा हिशेब वेगळा असतो." खरे आहे. चाकाच्या कडेवरचे वजन वेग घेताना जवळजवळ दुप्पट जाणवते, हे भौतिकशास्त्रालाही मान्य आहे. ठीक आहे, दोन वडापाव. घाट चढून माथ्यावरच्या टपरीशी पोचलेला सायकलस्वार हे दोन्ही वडापाव किती मिनिटांत परत मिळवतो, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मनाशी द्यावे. वजनासाठी ट्यूब काढणे म्हणजे खर्च कमी करायचा म्हणून देवळाबाहेर चप्पल ठेवायचे पैसे वाचवणे.

तिसरा लाभ काट्यांचा, आणि इथे ट्यूबलेसची बाजू भक्कम आहे. आपल्याकडे माळरानावर सराटा नावाची जमिनीलगत पसरणारी वेल असते. तिच्या फळाचे तुकडे अशा बेताने घडलेले असतात की कसेही पडले तरी एखादा काटा वर उभा राहतोच. आयुर्वेदात यालाच गोक्षुर म्हणतात. दशमुळांत त्याची गणना होते आणि शक्तिवर्धक म्हणून त्याचे चूर्ण खपते. माणसाला शक्ती देणारी हीच वनस्पती ट्यूबचा प्राण घेते, पण औषधाच्या बाटलीवर तसे छापत नाहीत. मूळची जुन्या जगातली ही वेल अमेरिकेत पोचली आणि तिथल्या पश्चिम भागातल्या सायकलस्वारांची वैरीण झाली. तिचा बंदोबस्त करायला १९६१ साली खास भुंगे आणून सोडले गेले. आयडाहो राज्यातल्या बॉयझी शहरात तर २०१८ पासून तिच्या नावाचा सायकलोत्सवच भरतो आणि त्यानिमित्त लोक सराटे उपटून पोती भरतात. साध्या ट्यूबला सराट्याच्या माळावर पाचशे मीटर जाणे म्हणजे दिव्य. ट्यूबलेस चाक तेच अंतर अंगावर वीस काटे मिरवत जाते आणि आतल्या द्रवाने प्रत्येक भोक तिथल्या तिथे बुजवते. पण शब्दांत गफलत नको. पंक्चर झालेच नाही असे नव्हे, वीस झाली आणि एकही कळले नाही. आनंद पंक्चर नसण्याचा नसतो, अज्ञानाचा असतो. अर्थात आयुष्यातले बरेचसे आनंद याच प्रकारचे असल्यामुळे मी त्याला नावे ठेवणार नाही.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: "मोटारीला, स्कूटरला ट्यूबलेस टायर असतो. तिथे कुणी एवढा सोहळा करत नाही. सायकलीलाच कसली कटकट?" उत्तर चाकाच्या पोटात आहे. मोटारीचे चाक मुळात अखंड धातूचे, हवाबंद. सायकलीचे चाक म्हणजे बारीक तारांवर तोललेले कडे. त्या तारा ओवण्यासाठी रिमला २८ किंवा ३२ भोके पाडलेली असतात आणि व्हॉल्व्हचे आणखी एक. म्हणजे आधी निगुतीने चाळण करायची आणि मग त्या चाळणीत हवा साठवायची, असा हा संकल्प आहे. तारांच्या चाकाच्या मोटरसायकलींना आजही बहुतेक वेळा ट्यूबच असते, ती याच कारणाने. मॅविक या फ्रेंच कंपनीने १९९९ साली हचिन्सन आणि मिशेलिन यांच्या साथीने सायकलीसाठी पहिली नीटस ट्यूबलेस पद्धत आणली, तेव्हा तिने या चाळणीला हात घातला. रिमचा आतला भाग बिनभोकाचा केला आणि टायर स्वतःच हवाबंद बनवला. मिशेलिनचे नाव इथे पुन्हा आले आहे, हे चाणाक्ष वाचकांनी टिपले असेल. ज्या घराने सुटी ट्यूब आत बसवली, तेच घर तिला बाहेर काढायला हजर होते. पण ते टायर जड आणि ते चाक महाग. मग २००१ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅन कोझियाटेक यांनी सामान्य माणसाचा मार्ग काढला: आहे तेच चाक घ्या, भोकांवर पट्टी लावा, आत रबराचा द्रव ओता. चाळण तशीच ठेवून तिला लिंपायचे. शेणाने टोपली लिंपून तिची कणगी करणाऱ्यांना यात नवीन काही वाटायचे नाही.

आता हे लिंपणे प्रत्यक्षात कसे होते ते पाहू. आपल्याकडे एका बैराग्याची गोष्ट सांगतात. त्याने सर्वस्वाचा त्याग केला, उरली फक्त लंगोटी. ती उंदीर कुरतडू लागले म्हणून मांजर पाळले, मांजराला दूध हवे म्हणून गाय आली, गाईला चारा हवा म्हणून शेत, शेतासाठी गडी, आणि शेवटी घर सांभाळायला बायको. ट्यूबचा त्याग करणारा याच बैराग्याच्या पंथातला. ट्यूब काढली, म्हणून भोकांवर पट्टी हवी. पट्टी नीट चिकटावी म्हणून रिम स्पिरिटने पुसायला हवी. पट्टीची रुंदी रिमच्या आतल्या रुंदीशी जुळायला हवी. अरुंद पडली तर कडेने हवा जाते, फार रुंद झाली तर टायरची कड तिच्यावर बसून तिला उचकटते. मग ट्यूबशिवायचा व्हॉल्व्ह हवा, त्याचा गाभा काढायची किल्ली हवी, द्रव मोजून घालायची पिचकारी हवी. आणि सर्वांत शेवटी हवा पंप, नेहमीचा नव्हे. कारण ढिला बसलेला टायर चहूकडून हवा सोडत असतो. सावकाश भरलेली हवा सावकाश निघून जाते. एका दमात धबधब्यासारखी हवा घुसली तरच टायरच्या कडा रिमच्या खोबणीत चढून बसतात. एका ट्यूबच्या बदल्यात घरात अशा सात-आठ वस्तू येतात. बैराग्याच्या गोष्टीतली बायको तेवढी बाकी असते. ती बहुधा आधीपासून घरात असते आणि हे सारे कुठे ठेवणार आहात, असे विचारत असते.

हा प्रश्न रास्त आहे, कारण सीलंट हे प्रकरण घरात ठेवण्याजोगे नाही. पांढरा, दुधासारखा हा द्रव म्हणजे मुख्यतः रबराच्या झाडाचा चीक. तो पातळ राहावा म्हणून बऱ्याच प्रकारांत अमोनिया आणि ग्लायकोल असते, शिवाय भोकात अडकायला बारीक कण वा तंतू. भोक पडले की हवा बाहेर धावते, तिच्याबरोबर चीक धावतो, वाटेत घट्ट होतो आणि दार लावून घेतो. चार-पाच मिलिमीटरपर्यंतचे भोक तो सहज सांभाळतो. विचार केला तर यात शोध माणसाचा कमी आणि झाडाचा जास्त आहे. खोडाला जखम झाली की चीक येतो, वाळतो आणि जखम झाकतो. ज्यांच्या घरी फणस फोडतात त्यांना चिकाचा स्वभाव वेगळा सांगायला नको. विळीला आणि हातांना तेल लावल्याशिवाय कुणी फणसाच्या वाटेला जात नाही. ट्यूबलेसच्या सूचनापत्रात मात्र जुन्या चादरीचा आणि जुन्या कपड्यांचा उल्लेख असायला हवा तेवढ्या ठळक अक्षरांत नसतो. हवा घुसली की टायरच्या कडा 'फट्ट' असा आवाज करून जागेवर बसतात. तो आवाज ऐकून शेजारी दार उघडतात आणि करणारा मात्र कृतार्थ होतो, कारण हाच यशाचा आवाज. जुन्या, सैल बसणाऱ्या रिमवर उत्साहाने जास्त हवा भरली तर दुसरा आवाज येतो. त्यानंतर बैठकीच्या भिंतीवर पांढऱ्या ठिपक्यांचे वारली चित्र उमटते, आणि त्यातला तारपा वाजवणारा कुठे आहे ते घरचे लोक नंतर वर्षभर शोधतात.

इथपर्यंत कटकट रस्त्यावरून घरात आली. आता वेळेचा मुद्दा. चीक वाळतो. टायरच्या आत बंद असला तरी दोन ते सहा महिन्यांत तो घट्ट होतो, उन्हाळा कडक असला तर लवकर. सरासरी काढायची तर त्याचे आयुष्य एका चातुर्मासाएवढे. आषाढी एकादशीला भरला की कार्तिकीला पाहावा, असा नियम दिनदर्शिकेत छापायला हरकत नाही. न पाहिल्यास आत रबराच्या गोळ्या आणि वाळलेल्या सायीचे पापुद्रे तयार होतात, आणि पुढचा सराटा आपले जुने काम नव्या जोमाने करतो. साध्या ट्यूबची अशी काही मागणी नसते. वर्षभर गॅलरीत टांगून ठेवलेल्या सायकलीत हवा भरली की ती, फार तर थोडी कुरकुरत, चालू लागते. ट्यूब दुर्लक्ष माफ करते, सीलंट करत नाही. एरवी पंक्चर हे उसनवारीसारखे असते, एकदा अडचण येते आणि मिटते. ट्यूबलेस म्हणजे त्याच अडचणीचे सुलभ हप्ते. एकरकमी मनस्ताप चुकतो आणि दर चार महिन्यांनी थोडी थोडी उस्तवार करावी लागते. हप्ता बुडवला की काय होते, हे कर्ज घेतलेल्यांना ठाऊक आहे.

यावर काहीजण म्हणतील, "तुम्ही जुन्या चाकांचे बोलता. आता नव्या सायकली ट्यूबलेससाठी तयारच येतात." येतात, आणि त्यांच्या रिमची घडण अशी असते की टायरची कड बसवायला निम्मा दमही लागत नाही. पण चीक तिथेही वाळतोच. तयार घरात राहायला गेल्याने भांडी घासायची राहत नाहीत. दुसरे म्हणतात, "एवढे कशाला, ट्यूबमध्येच सीलंट भरा." ही तडजोड वाईट नाही, काट्यांपुरती ती चालते. पण अडकित्त्यात सापडायला ट्यूब शिल्लकच राहते, आणि सर्पदंशाच्या दोन लांब चिरांपुढे चीक हात टेकतो. तिसरा आक्षेप आक्षेप नसून कबुलीच आहे. ट्यूबलेस केल्यावर हवा कमी ठेवता येते, हवा कमी ठेवली की रिम दगडावर आदळते. म्हणून हौशी लोक आता टायरच्या आत फोमचे एक गोल कडे घालतात. म्हणजे ट्यूबची जागा रिकामी केली आणि त्या जागेत ट्यूबच्याच आकाराची वस्तू भरली. यातली काही कडी मूळ ट्यूबपेक्षा जड असतात. दोन वडापाव गेले आणि वर मिसळ आली. त्या फोमला 'ट्यूब' म्हणत नाहीत, एवढ्यावरच चाकाचा ट्यूबलेसपणा टिकून आहे.

आता धनी बदलण्याचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा फरक इथेच पडतो. झाडाला टायर टांगलेला, खाली घमेल्यात पाणी, शेजारी कानस, पॅच आणि सोल्युशनची ट्यूब, हा संसार आपल्याकडे कोणत्याही नाक्यावर मांडलेला असतो. तिथला माणूस ट्यूब पाण्यात फिरवतो, बुडबुडे बघतो, घासतो, चिकटवतो, ठोकतो आणि दहा मिनिटांत मोकळे करतो. पंक्चर ही आपली अडचण असली तरी तिचे शास्त्र त्याच्याकडे होते, आपल्याला फक्त खिशात हात घालायचा होता. ट्यूबलेस सायकल त्याच्यापुढे नेली की तो टायर थोडा उचकटतो, आतून पांढरा चीक हातावर ओघळतो आणि तो अत्यंत सभ्यपणे सायकल परत देतो. शेजारच्या पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, पण तिथल्या नळीचे तोंड मोटारीच्या जाड व्हॉल्व्हचे, सायकलीचा व्हॉल्व्ह काडीसारखा. मध्ये बसवायला पितळेचा तुकडा लागतो, आणि तो घरी राहिलेला असतो. अशा रीतीने ट्यूब काढणारा माणूस स्वतःच पंक्चरवाला होतो, बिनपगारी, आणि गिऱ्हाईक एकच, तेही तक्रारखोर. हे काहींना खटकेल. मला यात वाईट दिसत नाही. आपल्या वस्तूचे पोट आपण एकदा तरी उघडून पाहावे, ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त याला 'मेंटेनन्स फ्री' म्हणू नये, एवढेच.

मग एवढे सगळे जाणून माणसे ट्यूबलेस का करतात? कारण हा खेळच मुळात कटकटीवर प्रेम करणाऱ्यांचा आहे, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. डोंगरी सायकलीच्या जन्मकथेतली सर्वांत प्रसिद्ध शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियात मरिन काउंटीतल्या फेअरफॅक्सजवळ झाली. तिथल्या एका कच्च्या रस्त्यावर साधारण तीन किलोमीटरांत चारशे मीटरचा उतार आहे. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही मंडळी जुन्या, जाड टायरच्या सायकली वर नेत आणि त्या उतारावरून सोडून देत. पेडल उलटे मारून लागणारा त्यांचा ब्रेक खाली पोचेपर्यंत इतका तापे, की हबमधले ग्रीस धूर होऊन जाई. प्रत्येक फेरीनंतर हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. हे पुन्हा भरणे म्हणजे इंग्रजीत 'रीपॅक', आणि त्यावरूनच शर्यतीचे नाव पडले रीपॅक. शर्यतींना विजेत्यांची, राजांची, गावांची नावे देतात. या खेळाने आपल्या पहिल्या तीर्थक्षेत्राला दुरुस्तीचे नाव दिले. अशा कुळात जन्मलेल्याने बैठकीत चीक सांडला तर तो कुलाचार समजावा.

पण माझा निष्कर्ष केवळ कुलाचारावर टेकलेला नाही. कटकट अक्षय असली तरी सगळ्या कटकटी सारख्या नसतात. साध्या ट्यूबचे पंक्चर मुहूर्त बघून येत नाही. ते गावापासून दहा किलोमीटरवर, ऊन डोक्यावर असताना, पाणी संपल्यावर येते. सीलंट मुहूर्त पाहून भरता येतो: रविवारी, चहा झाल्यावर, सावलीत, जुना शर्ट घालून. एकूण वेळ मोजला तर कदाचित ट्यूबलेसवाल्याचाच जास्त जात असेल. त्याने वेळ विकत घेतलेला नाही, मुहूर्त विकत घेतला आहे, आणि मुहूर्ताला किंमत असते हे मराठी वाचकाला पटवून द्यावे लागू नये. म्हणून जो दर आठवड्याला दगडा-काट्यांत जातो त्याने खुशाल ट्यूब काढावी. पकडही वाढेल, दंशही टळेल, आणि चार महिन्यांच्या हप्त्याइतका उपयोग तो करून घेईलच. ज्याची सायकल दूध आणायला जाते, किंवा नुसतीच गॅलरीत लटकून धन्याच्या संकल्पाची आठवण करून देते, त्याने ट्यूबशी इमान राखावे. चीक चाक फिरले तरी वाळतो, न फिरले तरी वाळतो. त्याला कारणे सांगून चालत नाही.

आता शेवटचा पुरावा. तो कुठल्याही ट्यूबलेसवाल्याच्या पिशवीत सापडतो. पिशवीत चिकट रबराच्या वाती असतात, मोठ्या भोकात खुपसायला. पट्टी असते, छोटा पंप असतो, आणि तळाशी, नीट गुंडाळून रबरबँड लावलेली, एक ट्यूब असते. कारण टायर चांगलाच फाटला तर चीक, वात, पट्टी सगळे हरते आणि घरी पोचायला एकच उपाय उरतो. ज्या गोष्टीचा त्याग केला, तिच्यावाचून डोंगरात जायची हिंमत त्यागी माणसाला होत नाही. थोडक्यात, ट्यूब आजही दर रविवारी डोंगरावर जाते. पूर्वी ती आपल्याला वाहून न्यायची, आता आपण तिला नेतो.